पुरवणी क्रमांक चार

मी भरलेला फॉर्म आजपर्यंत कधी परत आलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारण्यासारखं माझ्याकडे आता फारसं काही उरलेलंही नाही. पण झालं ते कसं झालं हे सांगायचं तर सुरुवात इथूनच करावी लागेल. नगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयाच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं आहे, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. या सव्वीस वर्षांत मी एकही रकाना कोरा सोडलेला नाही. जिथे 'लागू नाही' लिहून भागतं, तिथेसुद्धा का लागू नाही ते मी दोन ओळींत लिहितो. जागा पुरली नाही तर पुरवणी जोडतो. माझ्या पुरवण्यांची दखल खुद्द मुख्याधिकाऱ्यांनी एकदा घेतली होती. "पुरे करा आता," असे त्यांचे शब्द होते, पण स्वर कौतुकाचा होता.

तर एका सकाळी साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब म्हणजे आमचे अधीक्षक. माणूस सज्जन, फक्त प्राण्यांना घाबरतो. त्यांची केबिन बदकांच्या तळ्याला लागून आहे आणि ते खिडकीकडे पाठ करून बसतात. त्यांच्या हातात वरून आलेलं पत्र होतं. ज्या लहान प्राणिसंग्रहालयांकडे जागतिक दर्जाच्या एखाद्या संस्थेची मान्यता नसेल, त्यांच्याकडचे मोठे प्राणी वर्षअखेरीस मोठ्या शहरात हलवले जातील, असं त्यात म्हटलं होतं.

"आपल्याकडे मोठे प्राणी किती?" साहेबांनी विचारलं.

"एकच, साहेब. अस्वल."

"आणि तो सिंह?"

"तो तुम्ही यायच्या आधीच गेला. दारात आहे तो सिमेंटचा."

साहेबांचा चेहरा जरा मोकळा झाला. गेले आठ महिने ते त्या सिंहाला वळसा घालून मागच्या दाराने येत होते, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी मामा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मामा म्हणजे अस्वलाच्या पिंजऱ्यावरचे आमचे जुने कर्मचारी. चोवीस वर्षांपूर्वी वनखात्याच्या माणसांनी टोपलीत घालून आणलेलं पिल्लू त्यांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. घरी त्यांना पुढे मुलगी झाली, तिला ते धाकटी म्हणायचे आणि या अस्वलाला थोरली. धाकटी लग्न होऊन लांब गेली. थोरली इथेच होती.

"भाऊसाहेब, थोरलीला हलवणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. तेवढी तिच्याजवळ जाऊ द्या. ती दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. मामा एकदा तापाने पडले होते, तेव्हा ही बया दोन दिवस दाराकडे तोंड करून उपाशी बसली होती. तिसऱ्या दिवशी मामाच ताप अंगावर घेऊन आले. मी पेनाला टोपण लावलं, खुर्चीत मागे टेकलो आणि म्हणालो, "फॉर्मच भरायचा आहे ना, मामा? मग माझ्यावर सोडा." हे वाक्य मी किती थाटात म्हटलं होतं ते आठवलं की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

मान्यता देणाऱ्या दोन संस्थांनी आपापली नियमावली पाठवली. एकीचं पुस्तक निळं, दुसरीचं पिवळं. निळी संस्था समुद्रापलीकडच्या एका थंड खंडातली. पिवळी जगाच्या दुसऱ्या टोकाची, जिथे म्हणे गेल्या काही वर्षांत भराभर नवी प्राणिसंग्रहालयं उभी राहिली आहेत. शिवाय आमची स्वतःची तपकिरी फाईल होतीच, जिच्यावर हे ऑफिस आजवर चाललं. तिन्ही घरी नेली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मायबाप सरकारला करावी तशी विनंती केली आणि तिने जेवणाच्या टेबलावर बसून आम्हाला अर्थ सांगायला सुरुवात केली. पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की प्राणी सगळीकडे सारखे असले तरी त्यांचं भलं कशात आहे यावर जगात एकमत नाही.

आमच्या तपकिरी फायलीतला नियम अकरा सांगतो की उघडण्याच्या वेळेत प्राणी प्रत्येक प्रेक्षकाला दिसलाच पाहिजे. निळं पुस्तक सांगतं की प्राण्याची इच्छा नसेल तर तो कुणालाही दिसता कामा नये. आमच्या फायलीप्रमाणे पिंजऱ्यात एक पान पडलेलं दिसलं तर झाडूवाल्याला मेमो. निळ्या पुस्तकाप्रमाणे पालापाचोळा नसेल तर अधीक्षकांना. पिवळ्या पुस्तकात प्रेक्षकांच्या स्वच्छतागृहांवर चाळीस पानं होती, कारंज्यांवर बारा आणि अस्वलांवर तीन. त्या तिनांपैकी एक पान अस्वलाबरोबर फोटो काढताना मुलांना कुठे उभं करावं यावर होतं.

"पिवळंच घ्या," बायको म्हणाली. "निदान आपल्या ऑफिसातली संडासं तरी सुधारतील."

पण याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. या बाई मुलाकडे परदेशात दोन महिने राहून आल्या आहेत, त्याला आता सात वर्षं झाली, पण त्यांचं प्रत्येक वाक्य 'तिकडे'पासून सुरू होतं. आमच्या इमारतीत त्यांना तिकडच्या काकूच म्हणतात. मी प्राणिसंग्रहालयाचं नाव काढताच त्यांनी खुर्ची ओढली.

"तिकडे आम्ही गेलो होतो ना पाहायला! तीन तास फिरलो हो. एक प्राणी दिसला नाही. शेवटी एका झुडपात शेपटी हलली, ती पण कुणाची ते कळलं नाही. पण व्यवस्था काय होती, भाऊसाहेब! डोळ्यांचं पारणं फिटलं."

"कशाने फिटलं? दिसलं तर काहीच नाही," बायको म्हणाली.

"तेच तर! तिकडे प्राण्याला मान आहे. इकडे काय, आला तो केळं फेकून जातो."

तो 'मान' हा शब्द माझ्या मनात घर करून बसला. मलाही वाटलं, करायचंच तर मानाचं करावं. निळा फॉर्म घेतला. फॉर्म चौतीस पानांचा होता आणि नियमांचं पुस्तक एकशे नव्वद. मुलीने पुस्तकाची नव्वद पानं वाचली आणि तिची परीक्षा आली. मी म्हटलं, राहू दे. मी फॉर्म भरणारा माणूस. फॉर्ममध्ये विचारलंय त्याचं उत्तर द्यायला पुस्तक कशाला लागतं? सव्वीस वर्षांत कधी लागलं नव्हतं.

मधल्या काळात मुलीने निळ्या पुस्तकाची मापं आमच्या घराला लावून पाहिली, तो अहवालही इथे नमूद करायला हवा. एका प्रौढ अस्वलाला जेवढी जागा लागते तेवढीत आमचं तिघांचं घर दोनदा मावत होतं. आडोसा: नाही. नैसर्गिक दृश्य: समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी. आहारात निवडीचं स्वातंत्र्य हा रकाना आला तेव्हा बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आहे. खा, नाहीतर खाऊ नका."

पुरवणी क्रमांक एक जागेच्या मापाची. त्यासाठी तळमजल्यावरचे मोजणीकाका स्वतःहून पुढे झाले. हे भूमापन खात्यातून रिटायर झालेत आणि तेव्हापासून मोजायला काही न मिळाल्यामुळे चिडचिडे झालेत. ते टेप घेऊन आले आणि अडकले. कारण निळ्या फॉर्मप्रमाणे अस्वलाला प्रत्यक्ष पाय टाकता येईल तेवढीच जमीन धरायची. साहेबांना मात्र तुलनेसाठी पिवळ्याप्रमाणेही आकडा हवा होता. त्यात उंचीसुद्धा धरतात, म्हणजे थोरली जन्मात न चढलेली भिंतही तिच्या नावावर. आणि आमच्या फायलीप्रमाणे माप बाहेरून घेतात, त्यामुळे प्रेक्षकांचा बाक, मामांची सामानाची खोली आणि पिण्याच्या पाण्याचा नळ ही सगळी अस्वलाचीच मालमत्ता ठरत होती.

"छत्तीस वर्षं जमिनी मोजल्या," मोजणीकाका म्हणाले. "भावाभावांच्या भांडणात मधे उभा राहून मोजल्या. एका जागेची तीन मापं कधी निघाली नाहीत माझ्या हातून!" त्यानंतर सलग चार दिवस ते येऊन पुन्हा पुन्हा मोजत होते. थोरली आतून त्यांच्याबरोबर या टोकाकडून त्या टोकाकडे चालायची. मामा म्हणाले, तिला इतका व्यायाम कित्येक वर्षांत झाला नव्हता.

पुरवणी क्रमांक दोन डुंबण्याच्या पाण्याची. मी बांधकाम विभागाकडे अस्वलासाठी तलाव असा प्रस्ताव पाठवला. तो परत आला. परत आला म्हणजे प्रस्ताव, फॉर्म नव्हे. त्यांच्याकडे फक्त 'सार्वजनिक जलतरण तलाव' हे शीर्षक होतं आणि त्याला जीवरक्षक, खोलीचे फलक आणि स्त्रीपुरुषांसाठी स्वतंत्र कपडे बदलण्याच्या खोल्या अनिवार्य होत्या. मी समक्ष गेलो. तिथल्या इंजिनियरांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण पोहणारा एकटा आहे, हे लेखी देऊ शकाल का?" तीन आठवडे हेलपाटे घातल्यावर 'पाण्याची टाकी, आडवी, झाकणविरहित' या नावाखाली तलाव मंजूर झाला.

पुरवणी तीन आडोशाच्या भिंतीची. भिंत झाली, थोरलीला ती फारच आवडली आणि ती दिवसभर भिंतीमागेच बसायला लागली. निळ्या पुस्तकाची आज्ञा पाळली गेली, पण नियम अकरा मोडला. मी तोडगा म्हणून पाटी लावली: 'प्राणी त्याच्या सोयीने दिसेल.' दुसऱ्याच दिवशी तक्रारवहीत एकाने लिहिलं, 'अस्वल आत आहे असे सांगण्यात आले. पुरावा दिला नाही.' शाळेच्या सहलीबरोबर आलेल्या एका बाईंनी तर मला बाहेर बोलावून विचारलं की मुलांनी निबंधात काय लिहायचं? मी म्हटलं, भिंतीबद्दल लिहा. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने माझ्या बायकोनेही मला फार क्वचित पाहिलेलं आहे.

हे सगळं मी सोसलं, कारण मामा रोज दुपारी येऊन विचारायचे, "होईल ना, भाऊसाहेब?" आणि मी म्हणायचो, "होणार म्हणजे होणार."

आता पुरवणी क्रमांक चार. फॉर्मच्या सत्ताविसाव्या पानावर रकाना होता: कर्मचारी व प्राणी यांच्यातील प्रत्यक्ष संपर्क, त्याचे स्वरूप व कालावधी. त्याला जागा दोन बोटं. मी हसलोच. इतके दिवस विचारत होते ते सगळं आमच्याकडे नव्हतं. पाणी नव्हतं, आडोसा नव्हता, पालापाचोळा आम्ही नुकताच बाहेरून आणून टाकला होता. पहिल्यांदाच असं काही विचारलं होतं जे आमच्याकडे भरभरून होतं. आमच्या तपकिरी फायलीत दरसालच्या तपासणीत 'कर्मचाऱ्यांची प्राण्यांशी जवळीक' असा रकानाच आहे. त्याला गुण असतात. दहापैकी. इतर सगळ्यात आम्ही काठावर पास होत असू, पण या एका रकान्यात मामांमुळे दर वर्षी दहापैकी दहा. मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला सहा मिळाले होते, हे मला माहीत होतं आणि मी ते चार लोकांना सांगितलेलंही होतं.

त्यामुळे मी कागद पुढे ओढला आणि मन मोकळं केलं. 'सदर कर्मचारी रोज दुपारी एक ते तीन पिंजऱ्यात बसून प्राण्यास वर्तमानपत्र वाचून दाखवितात. प्राणी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपतो. नखात काटा गेल्यास ते तो हाताने काढतात. आहार हातानेच भरवितात. चोवीस वर्षांत एकही दिवस (आजारपणाचे दोन वगळता) यात खंड नाही.' पुरवणी साडेतीन पानांची झाली. सोबत फोटो जोडला. मांडीवर डोकं असलेला. मुलीने भाषांतर करता करता नाक ओढलं आणि म्हणाली, "बाबा, हे खूप छान लिहिलंय तुम्ही." माझ्या लेखनावर घरातून आलेली ही पहिली चांगली प्रतिक्रिया. मी ती दोनदा म्हणवून घेतली.

मामांनाही वाचून दाखवली. ते माझ्या टेबलासमोर हात बांधून उभे होते. "एवढं सगळं कशाला लिहिलंत?" ते लाजून म्हणाले. "आपण काय वेगळं करतो?"

दोन महिन्यांनी परीक्षक बाई आल्या. उंच, साध्या, पायात चिखलाचे बूट, हातात पाण्याची बाटली. साहेबांनी हार आणला होता, तो कसा घालावा हे न कळून त्यांच्या हातातच राहिला. दुभाषी म्हणून मुलगी होती. बाईंनी आडवी टाकी पाहिली, मान डोलावली. भिंत पाहिली, तिच्यामागे थोरली होती म्हणून ती दिसली नाही, तर त्या चक्क खूश झाल्या. तक्रारवही वाचून तर त्या मोठ्याने हसल्या. माझी छाती इंचाइंचाने वाढत होती. मग त्यांनी पुरवणी क्रमांक चार काढली आणि विचारलं, हे प्रत्यक्ष पाहता येईल का?

मामा सकाळपासून तयारच होते. नवा युनिफॉर्म, तेल लावून बसवलेले केस. ते मागच्या दाराशी गेले आणि बाहेरूनच नुसतं "ए बाई" म्हणाले. थोरली भिंतीमागून थेट दाराशी आली, मामा आत शिरताच त्यांच्या भोवती एक फेरी मारली आणि ते खाली बसताच त्यांच्या मांडीवर डोकं टाकून डोळे मिटले. मामांनी तिचा जबडा उघडून आतला किडका दात बाईंना दाखवला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, लांबून.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"बाबा, त्या म्हणतायत, रोज?"

"रोज म्हणजे रोज!"

"दार उघडं असतं का, विचारतायत. पटकन बाहेर येता येईल असं?"

"छे, छे. आतून कडी लावून घेतात!" मी अभिमानाने म्हणालो. आमच्याकडे शिस्त आहे हे त्यांना कळायला हवं होतं.

मामा बाहेर येईपर्यंत त्यांनी त्या दारावरची नजर काढली नाही. मग प्रेक्षकांच्या बाकावर बसल्या आणि मुलीला काहीतरी सांगत राहिल्या. मुलीने ते मला घरी गेल्यावर सांगितलं. त्यांच्याकडे असंच एक अस्वल होतं आणि असाच एक माणूस. वीस वर्षं तोही रोज आत जात होता. एके दिवशी त्या अस्वलाचा दात दुखत होता. बाईंनी पुढे काही सांगितलं नाही म्हणे, आणि मुलीने विचारलं नाही.

निकालाचं पत्र महिन्याभरात आलं. मान्यता मिळाली होती. टाकीचं कौतुक, भिंतीचं कौतुक, मापांच्या अचूकपणाचं विशेष कौतुक (मोजणीकाकांनी ते पत्र झेरॉक्स करून नेलं). थोरली इथेच राहणार होती. खाली एक अट होती, तातडीने अमलात आणायची. यापुढे कोणीही कर्मचारी प्राण्याबरोबर एका जागेत जाणार नाही. आहार जाळीच्या फटीतून, लांब दांड्याने. आणि सध्याच्या कर्मचाऱ्याचा आवाज ऐकताच प्राणी दाराशी येत असल्याने त्या जागी प्राण्याला सवय नसलेला नवा माणूस नेमावा. पुस्तकाच्या एकशे एकेचाळिसाव्या पानाचा हवाला होता.

साहेब म्हणाले, "भाऊसाहेब, ऑर्डर तुम्हीच काढा. तुमची भाषा चांगली आहे."

मी ऑर्डर काढली. तीन ओळींची. आयुष्यात मी एवढं कमी कधी लिहिलं नव्हतं. मामांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा पिंजऱ्याशेजारच्या खोलीत राहिला होता, म्हणून मलाच वाचून दाखवावी लागली.

"म्हणजे थोरली इथेच राहणार ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग झालं की." ते निघाले आणि पुन्हा वळले. "आणि मी?"

"तुम्हाला गेटवर दिलंय. तिकिटं तपासायला."

"जवळच आहे तसं," मामा म्हणाले. मग कागद घडी करून खिशात ठेवताना एकदाच म्हणाले, "तुम्ही चांगलंच लिहिलं होतंत ना, भाऊसाहेब?"

मी "हो" म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो.

यानंतर मी स्वस्थ बसलो असं कुणी समजू नये. मी निळ्या संस्थेला दुरुस्तीपत्र पाठवलं की पुरवणी चारमधील मजकूर काहीसा अतिशयोक्त आहे; मांडी म्हणजे मांडीच्या जवळपास असं वाचावं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी कागदावर खोटं लिहिलं आणि तेही पकडलं गेलं, कारण फोटो मीच जोडला होता. उत्तर मोठं प्रेमळ आलं. असा प्रामाणिक तपशील त्यांना आजवर कुठल्याच देशातून मिळाला नव्हता. बाकीचे लोक या रकान्यात 'नाही' एवढंच लिहितात. माझी पुरवणी ते आता इतरांना नमुना म्हणून पाठवणार होते. ते पत्र मी कपाटात सगळ्यात खाली ठेवलं. मग पिवळ्या संस्थेकडे जावं का याची चौकशी केली, तर तिथे मामांना आत जाता आलं असतं, पण दर अर्ध्या तासाला फोटोसाठी प्रेक्षकांनाही. तेव्हा तोही विचार सोडला.

"तिकडे असंच असतं, भाऊसाहेब," काकू म्हणाल्या. "तिकडे माणसाच्या जिवाला किंमत आहे." त्यांचं चूक नव्हतं. परीक्षक बाईंचंही नव्हतं. रागवायला कुणीतरी मिळालं असतं तर फार बरं झालं असतं, पण जो तो आपापल्या जागी बरोबर होता आणि राहता राहिलो मी.

बायकोने एकदाच विचारलं, "तुम्हाला कमी लिहिता येत नाही का हो?" आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून, न मागता चहा टाकला.

थोरलीने पाच दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. सहाव्या दिवशी नव्या माणसाने दांड्याने सरकवलेलं कलिंगड तिने ओढून घेतलं. डॉक्टरांनी वजन नोंदवलं, दात काढला, ठीक आहे म्हणाले. महिन्याने तर वजन थोडं वाढलं. सगळे खूश झाले. मी गेटवर जाऊन मामांना सांगितलं, "खायला लागली हो." मामांनी समोरच्या माणसाचं तिकीट फाडलं, अर्धं त्याला परत दिलं आणि म्हणाले, "बरं झालं." त्यांना खरंच बरं वाटलं होतं. आणि नव्हतंही वाटलं. ती दोन्ही कशी एकदम वाटतात हे मला त्या दिवशी कळलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी मामा आले. त्यांच्या सुट्टीच्या. घरचा शर्ट घालून, रांगेत उभं राहून, तिकीट काढून. मी खिडकीतून पाहिलं आणि धावत बाहेर गेलो.

"मामा, तिकीट कशाला काढलंत? पास आहे तुमच्याकडे."

"पास नोकरीचा आहे. आज मी बघायला आलोय," ते म्हणाले.

आम्ही दोघं पिंजऱ्यापुढे जाऊन उभे राहिलो. प्रेक्षकांसाठी नवी रेघ आखली आहे, मामा तिच्या अलीकडे नीट पाय जुळवून उभे राहिले. एक कुटुंब आधीपासून वाट पाहत होतं. थोरली भिंतीमागे होती, तिच्या काळ्या पाठीचा तेवढा एक तुकडा दिसत होता. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "ए बाई."

ती ताडकन उठली. भिंतीमागून बाहेर आली. समोरची लहान मुलगी ओरडली, "आली, आली!" मला वाटलं, आता ही जाळीशी येणार, मामांना बघणार, निदान एवढं तरी होईल. पण तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती वळली आणि लगबगीने मागच्या दाराकडे गेली. चोवीस वर्षं मामा त्याच दाराने आत आले होते. आवाज आला की त्या दारापाशी जायचं, एवढंच तिला माहीत होतं. ती दाराला नाक लावून बसली.

मामांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. तिने दारावर पंजा ठेवला.

"इकडे, अगं, इकडे आहे मी."

तिने दार ओरबाडलं. मागे वळून पाहिलं नाही. त्या कुटुंबातले गृहस्थ म्हणाले, "काका, तुम्ही जरा गप्प राहता का? तुमच्यामुळे ती पाठ करून बसलीय."

मामा गप्प झाले. ते कुटुंब कंटाळून माकडांकडे निघून गेलं.

"नाही येत मी आता," मामा अखेर म्हणाले. "मी बोललो की तिला वाटणार, आलाच. उगाच वाट बघायला लावायची." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही असता इथे रोज. जाता येता एक चक्कर मारत जा तिच्याकडे. फक्त बोलू नका काही."

"नाही बोलणार," मी म्हणालो.

ते रेघेपासून मागे झाले, चप्पल न वाजवता वळले आणि बाहेर जाण्याच्या वाटेने गेले. मी तिथेच थांबलो. बंद व्हायची घंटा होईपर्यंत थोरली त्या दाराशीच बसून होती.